खालच्याने म्हणायचा शब्द

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत ‘ओके’ या एका इंग्रजी शब्दाचे अर्थ, त्याचे व्याकरणातील उपयोग आणि त्या शब्दापायी एका मनुष्याने काय सोडले, हे कथन करण्याचा माझा मानस आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असल्याने चूकभूल पोटात घालावी.

“ओके?” वरून दाजींचा आवाज आला.

त्या समयी मी लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात ओणवा होऊन स्प्रिंगांना ग्रीस लावीत होतो. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान व माझे मेस्त्री, शेवटच्या मजल्याच्याही वर, यंत्राच्या खोलीत खटक्यावर हात ठेवून उभे होते. कंपनीतले लोक म्हणत, ‘मेस्त्री स्वर्गात, मेहुणा पाताळात.’ त्यावरून माझे नावच पाताळ पडले.

येथे थोडे व्याकरण सांगणे अगत्याचे आहे. ‘माल ओके आहे’ यात हा शब्द विशेषण होय. ‘साहेबांनी ओके केले’ यात त्याचे क्रियापद होते आणि ‘साहेबांचा ओके आला’ यात नाम. फोन ठेवताना माणसे ‘ओके, ओके’ म्हणतात, तेथे तो कोणीच नसतो, नुसता उच्छ्वास असतो. परंतु आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच: खालचा माणूस बाजूला झाला आहे, आता यंत्र चालवा. वरच्याने फक्त विचारायचे, म्हणायचे ते खालच्यानेच. माझी भाची घरात ऊठसूट ‘ओके बाबा’ करी, तेव्हा दाजी म्हणत, “हा शब्द असा सांडू नकोस, पोरी. तुझा मामा त्याच्यावर जगतो.”

तर त्या दिवशी मी तो म्हटला नव्हता. माझी पँट एका बोल्टात अडकली होती.

“थांबा दाजी!” मी ओरडलो.

लिफ्ट खाली येऊ लागली. खड्ड्यातला थांबवायचा खटका त्या इमारतीत केव्हाच निकामी झालेला. मी हातातला पाना लोखंडी रुळावर धाडधाड आपटला, आणि माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर लिफ्ट थांबली.

पँट सोडवून मी फटीतून बाहेर निघालो, तोवर दाजी जिन्याने धापा टाकीत खाली आले आणि शेवटच्या पायरीवर बसले.

“म्हणाला नव्हतास?”

“नव्हतो. थांबा म्हणून ओरडलो, तेही ऐकू आलं नाही?”

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले.

“कधीपासून, दाजी?”

“वर्ष झालं असेल.”

“मग रोज कसं चालवता?”

“तुला किती वेळ लागतो ते मला पाठ आहे. इतकी वर्षं काय गोट्या खेळलो? विचारायचं, चार श्वास घ्यायचे, खटका दाबायचा.”

“म्हणजे वर्षभर मी तुमच्या अंदाजावर जगतोय!”

“हळू बोल, लोक ऐकतील.”

“तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी हळू बोलू?”

यावर आम्हा दोघांनाही हसू फुटले.

“पाना कळला बघ मला,” दाजी म्हणाले. “यंत्राच्या सांगाड्यावर हात होता, तुझ्या ठोक्यांनी तो सांगाडा थरथरला. उद्यापासून तसंच करू. एक ठोका म्हणजे झालं. ताईला बोलू नकोस. पोरीचं शिक्षण तेवढं उरकू दे. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करतंय?”

मी होकार देण्याच्या बेतात होतो. मला जिवाची भीती होती आणि ताईच्या चुलीचीही, व दोहोंत कोणती मोठी हे ठरत नव्हते. इतक्यात सुपरवायझर आले.

“काय मेस्त्री, सगळं ओके ना? लोक जिने चढून कावलेत.”

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले, परंतु शब्द बाहेर पडेना.

“अरे पाताळा, दातखीळ बसली काय? ओके म्हण आणि मोकळा हो.”

दाजी माझ्या ओठांवरची नजर काढीत नव्हते. चार श्वास झाले, अधिकही झाले असतील. त्या दिवशी त्यांनी अंदाज केला नाही. ते थांबले.

मग सावकाश उठून म्हणाले, “नाही, साहेब. खालच्यानं म्हटलेलं नाही.”

“म्हणजे?”

“माझे कान गेलेत. वर दुसरा माणूस द्या.”

“अहो, पण मग तुमचं काय?”

दाजी चिंधीने बोटे पुसत होते, त्यांची मान खाली होती. तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि साहेबांनीही तो पुन्हा विचारला नाही.

दुपारी दुसऱ्या इमारतीवरचा मेस्त्री आला व वर गेला. मी पुन्हा खड्ड्यात उतरलो. दाजी तळमजल्याच्या उघड्या दारात उभे होते.

“ओके?” वरून परका आवाज आला.

मी उत्तर वर पाहून द्यायला हवे होते. परंतु मी दाजींकडे तोंड केले आणि ओठ पुरते हलवून म्हणालो, “ओके.”

लिफ्ट वर निघाली. दाजींनी दाराच्या चौकटीवर तळवा टेकला आणि थरथर थांबेपर्यंत तो तसाच ठेवला. मग हत्यारांच्या पिशवीतून आपला जेवणाचा डबा तेवढा काढून घेतला, पिशवी माझ्या बाजूला सरकवली आणि ते चालू लागले.

आपण इथवर वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
पाताळ, लिफ्टवाला