बाराव्या खुर्चीचा पाय

त्या गुरुवारी, भर उपासनेत, पाळकसाहेबांनी बादलीमामांचा पाय धुतला.

हे वाक्य वाचून झाले असेल तर कृपया विसरून जावे. तसे काहीही घडलेले नाही. चर्चच्या कमिटीने तसा ठराव केला आहे, आणि कमिटीने ठराव केला की घडलेली गोष्टसुद्धा गुपचूप माघारी जाऊन न घडलेली होते. तेव्हा आपण आदल्या रविवारपासून सुरुवात करू. त्या दिवशी ते खरोखरच घडलेले नव्हते.

उपासना संपली होती, लोक घरी गेले होते आणि मामा मागच्या खोलीतून लाकडी खुर्च्या बाहेर आणत होते. एक हातात, एक डोक्यावर उलटी. डोक्यावर खुर्ची असल्यामुळे त्यांना समोर आलेल्या पाळकसाहेबांचे फक्त बूट दिसले. पाळकसाहेब बाहेरगावच्या दौऱ्यावरून कालच परतले होते.

"काय मामा, मंडळी कशी आहे?" बुटांच्या दिशेने प्रश्न आला.

"बरी आहे. गुडघा धरलाय तिचा."

"अहो, मी चर्चच्या मंडळीचं विचारतोय!"

"ती पण बरी आहे. तिचेही सगळे गुडघे धरलेले असावेत. म्हणून तर खुर्च्या मी एकटा उचलतोय."

पाळकसाहेब हसले. तरुण होते, चष्मा होता, आणि देवाची इच्छा त्यांना पटकन समजत असे. मामांचा अनुभव असा होता, की देवाची इच्छा आधी पाळकांना कळते, मग ती मामांकडे येते, आणि येताना नेहमी एखाद्या जड वस्तूचे रूप घेऊन येते. कधी टेबल, कधी सतरंजी, कधी पेटी. पाळक बदलत गेले, इच्छा तीच राहिली, आणि सगळ्यांत जड इच्छा म्हणजे बादली.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने गुडघ्यावर बसून शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून वर्षातून एकदा, शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धूत. पाणी तापवायचे, त्यात कोपर घालून कोमटपणा बघायचा आणि बादली खुर्चीखुर्चीपाशी सरकवत न्यायची, हे मामांचे काम. लग्न होऊन या चर्चमध्ये आले, तेव्हा कोणीतरी "जावईबापू, जरा एवढी बादली धरता का?" म्हणून दिलेली ती बादली अजून कोणी परत घेतली नव्हती. त्यांचे खरे नाव मंडळी विसरली होती. पत्रिकेत एकदा छापायचे होते, तेव्हा कमिटीने मामींना विचारून घेतले. त्यासुद्धा क्षणभर थांबल्या होत्या.

पाळकसाहेबांनी बाहेर मांडलेल्या खुर्च्यांवरून हात फिरवला असावा, कारण शेवटची खुर्ची कुरकुरली.

"बाराव्या खुर्चीचं यंदा तुम्हीच बघा, मामा," ते म्हणाले आणि बूट निघून गेले.

मामा डोक्यावरच्या खुर्चीखाली तसेच उभे राहिले.

बारावी खुर्ची या चर्चमधली अवघड जागा होती. बारा शिष्यांतला बारावा म्हणजे प्रभूला धरून देणारा यहूदा, त्यामुळे तिथे बसायला कोणी राजी नसे. लोक लवकर येऊन पहिल्या अकरा खुर्च्या धरत, आणि उशिरा येणारा दुसऱ्या टोकाकडून मोजून आपण पहिले असल्याचे सिद्ध करी. एक म्हातारे सुतारबाबा तेवढे बिनतक्रार बसत. ते यंदा मुलीकडे राहायला गेले होते. म्हणजे जागा रिकामी. आणि पाळकसाहेब म्हणाले, तुम्हीच बघा.

मामा सरकारी ऑफिसात आवक-जावक टेबलावर होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा. वरून आलेला आदेश दोनदा वाचायचा आणि का म्हणून विचारायचे नाही, एवढे त्यांना पक्के येत होते. त्यांची प्रार्थनाही त्याच भाषेत होई, कारण मोठ्या साहेबांशी बोलायची दुसरी भाषा त्यांना ठाऊक नव्हती. त्या रात्री जेवणाआधी त्यांनी डोळे मिटले.

"माननीय प्रभू. विषय, बाराव्या खुर्चीवरील नेमणुकीबाबत. संदर्भ, माझ्या यापूर्वीच्या अनेक प्रार्थना. उपरोक्त विषयी आपला आदेश आज प्राप्त झाला. आभारी आहे. आमेन."

मामींनी एक डोळा उघडला. "कसली नेमणूक?"

"यंदा माझे पाय धुणार आहेत."

"कोण?"

"पाळकसाहेब. बाराव्या खुर्चीवर."

"अगं बाई! यहूदाच्या?"

"त्याचेही धुतले होते प्रभूने. सगळं माहीत असून धुतले होते. मी तर कोणाला धरूनही दिलेलं नाही."

मामींनी यावर थोडा विचार केला. मग त्यांनी टेबलाखाली वाकून मामांच्या पायांकडे पाहिले आणि ताट बाजूला सारले.

"हे पाय घेऊन जाणार तुम्ही देवाच्या दारात?"

इथे सांगायला हवे, की या चर्चमध्ये पाय धुण्याआधी पाय धुऊन येण्याची शिस्त होती. पूर्वी एकदा एक गॅरेजवाला कामावरून थेट येऊन बसला होता आणि टबातले पाणी असे काही काळे झाले, की त्यानंतरच्या चौघांनी मोजे काढायचेच नाकारले. तेव्हापासून दरवर्षी सूचना दिली जाई: 'ज्यांचे पाय धुवायचे आहेत त्यांनी कृपया पाय स्वच्छ धुऊन यावे.' यात काही विचित्र आहे असे कोणालाच वाटत नसे.

सोमवारपासून मामी टाचा घासायची वजरी घेऊन बसल्या.

"अगं, टाच आहे ती. रस्ता खोदतेयस का?"

"गप्प बसा. इतकी वर्षं लोकांचे पाय पुसले, स्वतःच्यांकडे कधी बघितलं का? भेगा बघा या! हरवलेली सुई निघेल यातून."

"गुडघा दुखतोय ना तुझा? मग उठ."

"दुखू दे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मामींचे 'सगळे' म्हणजे खरोखरच सगळे असत.

गुरुवारी ते ऑफिसातून लवकर निघून चर्चमध्ये पोचले. पाणी तापवले, कोपर घालून पाहिले, खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. मग कोपऱ्यात जाऊन नवे मोजे काढले, घडी करून बुटात ठेवले, पँट पोटरीपर्यंत दुमडली, आणि जपून, एखाद्या पाहुण्याच्या घरी बसावे तसे, बाराव्या खुर्चीवर टेकले. खुर्ची डुलली. मामांना ते आनंदाचे वाटले. समोरच्या बाकावर मामी चार बायकांना घेऊन बसल्या होत्या आणि बोटाने दाखवत होत्या.

पाळकसाहेब झगा सावरत आले.

"वा मामा! बसून बघताय? झाली ना पक्की?"

"काय?"

"खुर्ची. बारावीचा मागचा पाय निखळलाय. म्हटलं नव्हतं का रविवारी, तुम्हीच बघा म्हणून?"

वरून आलेला आदेश मामांनी आयुष्यात पहिल्यांदा एकदाच वाचला होता.

"बघितली," ते म्हणाले. खोटे नव्हते.

"उठा मग. साहेब आलेत."

दारात मामांच्या ऑफिसचे मोठे साहेब उभे होते. नुकतीच बदली होऊन या शहरात आले होते आणि या मंडळीत सामील झाले होते. साहेब भरभक्कम होते. दोन फायलींत मावणार नाही असे प्रकरण.

"अहो, पण तिचा पाय तसाच आहे," मामा कुजबुजले. "मला वाटलं..." आणि पुढचे वाक्य त्यांनी गिळले. ते मोठे होते, उतरायला वेळ लागला. "प्लॅस्टिकची आणतो."

"साहेबांना प्लॅस्टिकची? बाकी अकरा लाकडी असताना?" पाळकसाहेब हळूच म्हणाले. "मामा, तुम्ही मागे बसून पाय धरून ठेवा. दोन मिनिटांचा प्रश्न. शेवटी सेवा म्हणजे काय हो? कोणीतरी वर, कोणीतरी खाली."

मामींचे बोट अजून हवेतच होते. ते हळूहळू खाली आले आणि मामींनी त्याच बोटाने पदराचे टोक सारखे केले.

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी देवाच्या अधिकाराखाली नम्र होण्याविषयी सुंदर प्रवचन दिले. खऱ्या सेवकाला जागा कोणती मिळाली याचे दुःख नसते, असे त्यात होते. मामा अनवाणी, पाय खुर्चीखालून पुढे काढून, बाराव्या खुर्चीच्या मागे जमिनीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी खुर्चीचा पाय धरून होते. बादली यंदा कमिटीचे अध्यक्ष सरकवत होते, आणि प्रत्येक खुर्चीपाशी एवढे हुश्श करत होते, की लोकांना त्यांच्या नम्रतेचे कौतुक वाटले.

"माननीय प्रभू," मामा मनात म्हणाले. "मी राजीनामा देत आहे. पुरे झाले. मी 'का' असे कधी विचारले नाही, आज विचारतो. का?"

उत्तर आले नाही. वरून दुसरेच काहीतरी आले.

"कोण, आवक-जावक का?" साहेबांनी मान न वळवता विचारले. "खाली काय करताय?"

"पाय धरलाय साहेब."

"असू दे, असू दे. ती पाणीपुरवठ्याची फाइल वर गेली का?"

"गेली साहेब."

"शिक्का?"

"मारला साहेब."

तेवढ्यात पाळकसाहेब टब घेऊन बाराव्या खुर्चीपाशी आले. पाण्याच्या वाफेने काचा धूसर होतात म्हणून ते पाय धुताना चष्मा काढून खिशात ठेवत. चष्म्याशिवाय त्यांना माणसे ढगांसारखी दिसत. त्यांनी साहेबांचा उजवा पाय हातात घेतला. म्हणजे आता पाळकसाहेबांच्या हातात एक पाय होता, मामांच्या हातात एक पाय होता, आणि दोघेही गुडघे दुखेपर्यंत देवाचेच काम करत होते. फरक एवढाच, की एका पायाला बोटे होती.

सोडावा का? मामांना अगदी स्वच्छ दिसले. बोटे सैल करायची. साहेब खाली. खुर्ची जुनी होती, कोणी काही म्हणणार नाही. त्यांनी आदेशाची वाट पाहिली. आला नाही. आदेश नसला की कागद आहे तिथेच ठेवायचा असतो. मामांनी दात आवळून पाय आणखी घट्ट धरला.

इतका घट्ट, की तो निघाला.

मामांनी पाय सोडला नाही, हे नीट लक्षात घ्यावे. खुर्चीने सोडला. साहेब सावकाश, एखादे कपाट कलंडावे तसे, डाव्या अंगाला गेले. त्यांच्या पायाने टब उडाला. पाणी मामांच्या अंगावरून वाहिले, दिव्यांच्या उजेडात चमकत फरशीभर पसरले, आणि पेटीवाल्या बाईंनी घाबरून गाण्याचा वेग दुप्पट केला.

पाळकसाहेब मात्र गुडघ्यांवरच होते. गाणे चालू होते, म्हणजे विधी चालू होता. त्यांनी चष्म्याविना समोर चाचपले. एक उजवा पाय हाताला लागला. बादलीतून मगभर पाणी घेतले, हळूच ओतले. घोट्यावरून, टाचेवरून, प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून हात फिरवला.

मामा हलले नाहीत. पाणी अगदी बरोबर कोमट होते. इतकी वर्षे त्यांनी कोपराने मापले होते, पण ते पायाला कसे लागते हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या एका हातात अजून खुर्चीचा पाय होता. तो त्यांनी छातीशी धरला.

पाळकसाहेबांनी टॉवेलने पाय टिपला. टाचेशी थांबले. इतकी मऊ टाच त्या संध्याकाळी दुसरी नव्हती. "प्रभू तुमच्या पावलांना आशीर्वाद देवो," ते म्हणाले, आणि डाव्या पायासाठी हात पुढे करता करता त्यांनी चष्मा घातला.

"अरे! तुम्ही?"

"हो," मामा म्हणाले.

डाव्या पायाकडे आलेला हात मागे गेला. "साहेब कुठायत? अहो, साहेबांना उचला! मामा, बघत काय बसलात?"

साहेबांना उचलले. उचलण्यात अर्थात मामा होतेच. प्लॅस्टिकची खुर्ची आली, साहेबांचा डावा पाय धुतला गेला, मामांनी फरशी पुसली. रविवारी कमिटीने ठराव केला, की ठरल्याप्रमाणे बारा जणांचे पाय धुण्यात आले, अन्य काही घडले नाही. बाराव्या खुर्चीच्या दुरुस्तीचे मामांनी बघावे.

पण त्या गुरुवारी दोघे घरी आले. आल्या आल्या मामींनी पाणी तापवले, टब आणला आणि एक हात भिंतीला टेकवून, दुखरा गुडघा सांभाळत खाली बसल्या.

"द्या इकडे."

"काय?"

"डावा. मला काही दिसत नाही असं वाटलं का? उजवा झाला, डावा राहिला."

मामांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. "नको. तू उठ आधी."

"कोरडाच ठेवणार आहात का जन्मभर?"

"कोरडा नाही. प्रलंबित आहे."

मामींनी टब तसाच पुढे सरकवला. "मग माझे धुवा. पाणी फुकट जाईल."

मामा खाली बसले. सवयीने कोपर पाण्यात घातले. जरा गरम होते, त्यांनी गार पाणी मिसळले, आणि मामींचे पाय धुता धुता, डोळे उघडे ठेवूनच, त्यांनी कामाला सुरुवात केली.

"माननीय प्रभू. विषय, डाव्या पायाबाबत. संदर्भ, आजची उपासना. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते, की अर्जदाराचा उजवा पाय आज आपल्या सेवकाच्या हस्ते, नजरचुकीने का होईना, धुण्यात आला असून त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. अर्जदाराने आज संध्याकाळी दिलेला राजीनामा मागे घेण्यात येत आहे. तरी उर्वरित डाव्या पायाबाबत आपल्या स्तरावरून, शक्यतो चष्मा घालून, योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."