आठ माणसांची ताकद

मित्रांनो, इस्पितळाच्या गच्चीवरच्या खोलीतून घरघर ऐकू येते ना, ती माझीच. मी इथल्या लिफ्टची जुनी मोटर. आठ माणसं उचलणं हे माझं काम, आणि ते मी ताठ मानेनं करत आले आहे.

तरुणपणी मात्र माझे फार हाल झाले. भेटीच्या वेळी दहा-बारा जण आत घुसायचे. "सरका हो थोडं, मावतंय की," म्हणायचे. मावायचं त्यांना, उचलायचं मला. एकदा मी दोन मजल्यांच्या मध्येच थांबले. अंगातून जळका वास सुटला. पोटातली तांब्याची तार काळी पडली होती.

मग जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्या ताई आल्या. व्यवस्थापक म्हणाले, आता हिला बारा माणसांची करूनच द्या. ताईंनी मला उघडून दाखवलं.

"या खाचा बघा, साहेब. जोर वाढवायचा तर तारेचे वेढे वाढवायला हवेत. जागा तेवढीच, म्हणून तार बारीक घ्यावी लागेल. बारीक तार विजेला जास्त अडवते आणि तापते. जाड घेतली तर वेढेच कमी बसतात. आठ माणसं म्हणजे हिचं पुरेपूर बळ."

साहेबांना पटलं. ताईंनी पहिल्यासारखीच नवी तार भरली. माझी छाती फुगली.

एका सकाळी एका अडलेल्या गरोदर बाईचं स्ट्रेचर आलं. वर शस्त्रक्रियेची तयारी झाली होती. मागोमाग अख्खं घर लिफ्टमध्ये शिरलं. लिफ्टमनकाका दार लावेनात. सासरे भडकले. सुनेच्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही डोकी मोजताय, असं बरंच बोलले. काका आवाज न चढवता म्हणाले, "मध्येच अडकली तर तिला बाहेर कोण काढणार?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. मग स्वतः बाहेर पडले आणि नातेवाइकांना घेऊन जिन्याकडे वळले.

मी सगळा जोर लावला. अंग तापलं, पण चाल मोडली नाही. सासरे धापा टाकत वर पोचले, तोवर सून आत गेली होती.

काही दिवसांनी ते सुनेसोबत, नातीला कुशीत घेऊन लिफ्टमधून उतरत होते. त्यांनी काकांना विचारलं, "मोटर कुठं असते हो?" काकांनी वर बोट दाखवलं. आजोबांनी छताकडे पाहून मान लववली.

मित्रांनो, यंत्र कण्हलं, तापलं, तर त्याला दामटू नका. त्याच्या बळाचा मान राखा. मी आजही आठ जणांना एका दमात वर नेते. नववा खाली थांबला असेल, तर त्याच्यासाठी लगेच परत येते.