थोट्या माशीचे पंख

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबांनी काचेची बाटली उंच धरली. "पंधरा दिवसांपूर्वी यातल्या माश्या थोट्या पंखांच्या होत्या, पाहिल्यात ना? मंत्र फुंकला, दिव्याशेजारी ठेवल्या. आता बघा लांब पंख! माशीला पंख देणारा लेकराला पाय देणार नाही?"

लोक गहिवरले. एकानं तर बाटलीलाच हात जोडले.

मागच्या रांगेत मावशीचं टाळकं सणकलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं फळमाश्यांचा खुराक शिजवणारी बाई ती. तिला हा भामटा माश्या शिकवणार? पण शेजारी धाकटी बहीण डोळे पुसत म्हणाली, "ताई, पोरीचं ऑपरेशन रद्दच करते."

वर्षभर खेटे घालून महिनाअखेरीची तारीख मिळाली होती. ती सोडली, तर पोरगी वाकड्या पावलानंच वाढणार.

मावशीनं एकदा थंडीत बाटल्यांचं कपाट हीटरला चिकटवून ठेवलं होतं. थोट्या माश्यांची पिल्लं लांब पंखांची निघाली, आणि बाटल्यांची सरमिसळ केली म्हणून सरांनी तिलाच झाडलं. खरं कारण कळल्यावर त्यांनीच चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तिनं एकाच थोट्या आईबापांच्या अंड्यांच्या दोन बाटल्या आणून बाबांपुढे ठेवल्या. "या बाटलीवर मंत्र फुंका. दिवा मात्र नको, ही माझ्या बहिणीकडे साध्या गार खोलीत राहील. दुसरी माझ्याकडे दिव्याच्या उबेला. तिला मी रोज शिव्या घालीन."

लोक हसले. बाबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. दोन्ही बुचांवर बहिणीनं स्वतः चिठ्ठ्या चिकटवून सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी भर सभेत बाटल्या निघाल्या. मंत्राच्या माश्या थोट्या. शिव्या खाल्लेल्यांचे पंख चांगले लांब.

"श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटले.

"माशीची?" मावशी कडाडली. "अहो, थोट्या माशीला पंख फुटतच नाहीत. ती तशीच मरते. अळ्या उबेत वाढल्या की नव्या माश्यांचे पंख लांब होतात, बस्स. त्यांची अंडी गारव्यात वाढवा, परत थोट्याच! बाबांनी नव्या माश्या जुन्या म्हणून खपवल्या." मग ती लोकांकडे वळली. "मंत्रानं झालं असं वाटलं, तर बाकी सगळं तसंच ठेवून नुसता मंत्र काढून बघा. एवढं केलंत तरी कुणी फसवणार नाही."

बाबा मागच्या दारानं सटकले. बहीण मान खाली घालून बसली होती. तिच्या मांडीवरच्या पोरीनं विचारलं, "मावशी, मला पण उबेत ठेवायचं?"

"नाही गं राणी," बहीणच म्हणाली. "आपण डॉक्टरांकडे जायचं."