डोळे मोठे करा!

तो कॅमेरा मी माझ्या हातांनी बसवला. चार स्क्रू, एक वायर आणि सीटखाली थरथरणारी एक चकती. आमच्या बस डेपोत इलेक्ट्रिशियन मी एकटाच, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं खडे फोडायचीही सोय नाही.

ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड आली की ते या यंत्राला कळतं, असं आम्हाला सांगितलं होतं. मी काही विरोधात नव्हतो. आमचाच एक ड्रायव्हर झोपेत पुलाच्या कठड्यावर गेला होता. त्याची बस ओढून आणायला मीच गेलो होतो, आणि त्या सीटवर काय होतं ते मी बघितलंय. त्यामुळे मी म्हटलं, आणा बाबा, बसवतो.

आधी नोंद घ्यायची होती. प्रत्येक ड्रायव्हरनं पाच मिनिटं कॅमेऱ्यासमोर बसायचं, म्हणजे याचे जागेपणीचे डोळे किती उघडे असतात ते यंत्र लक्षात ठेवणार. कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला, "नेहमीसारखं बघायला सांगा" म्हणाला आणि कानाला फोन लावून जो गेला तो संध्याकाळीच उगवला.

आता आमच्या डेपोची एक खोड ऐका. दरवर्षी ओळखपत्राचे फोटो निघतात. एकदा वीस जणांचे डोळे अर्धवट आले म्हणून वरून ते सगळे परत आले. तेव्हापासून फोटोला कुणी बसला की मागचा ओरडतो, "डोळे मोठे!" त्या दिवशी तो ओरडणारा मी होतो. कॅमेरा दिसला आणि तोंडातून आपोआप गेलं. एकशे बारा ड्रायव्हर, एकशे बारा घुबडं.

बाकीच्यांचं निभावलं. त्यांच्या नेहमीच्या डोळ्यांत आणि घुबडाच्या डोळ्यांत फरक थोडा, तेवढा यंत्र पोटात घालतं. निभावलं नाही ते माझ्या दाजींचं. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. डावी पापणी जन्मापासून अर्धी खाली. नजर खणखणीत, दरवर्षीची तपासणी पहिल्या फटक्यात पास, सव्वीस वर्षांत आरसासुद्धा फुटलेला नाही. पण बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ आत्ताच जेवून उठलाय. डेपोत त्यांना सगळे 'आराम' म्हणायचे. या आरामशेठनी माझ्या ओरडण्याला मान देऊन कपाळाला आठ आठ्या घातल्या आणि ती पापणी पाच मिनिटं वर टांगून धरली.

दुसऱ्या दिवशी बस डेपोतून निघून दुसऱ्या थांब्यावर पोचते न पोचते, तोच सीट थरथरली आणि छतातून एक गोड बाई बोलली, "चालक महोदय, आपल्याला झोप येत आहे. कृपया थांबा."

बसभर ऐकू गेलं. पुढच्या सीटवरचा माणूस उठलाच. "ओ मामा, जागे आहात ना?"

"जागा आहे म्हणून तर बोलतोय!"

"झोपेत माझी बायकोपण बोलते. थांबवा, उतरू द्या मला."

कंडक्टरबाईंनी समजावलं, पण सात माणसं उतरली ती उतरलीच. दिवसभरात ती गोड बाई चौदा वेळा बोलली. संध्याकाळी डेपोतल्या फलकावर दाजींच्या नंबरासमोर लाल दिवा. लागोपाठ दोन शनिवार लाल राहिला तर माणसाला स्टिअरिंगवरून कायमचं उतरवून गेटवर बसवायचं, असा नियम. पहिला शनिवार लाल गेला.

मी दाजींना घेऊन साहेबांकडे गेलो. "साहेब, चूक माझी आहे. मी ओरडलो म्हणून यांनी डोळे ताणले. नोंद पुन्हा घ्या."

"नोंद एकदाच होते," साहेब म्हणाले. "पुन्हा करू दिली तर उद्या प्रत्येक जण अर्धे डोळे मिटून नोंद देईल आणि खुशाल झोपेल."

राग कशाचा येतो सांगू? त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

"डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे, साहेब," दाजी म्हणाले.

"यंत्राला कागद वाचता येत नाही हो."

"तुम्हाला येतो ना?" मी म्हणालो.

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मला येऊन उपयोग काय? तो दिवा माझ्या हातात नाही. कंपनीला लिहिलंय. उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

मी कंपनीला फोन लावला. तिथंही तीच गोड बाई. हे दाबा, ते दाबा. शेवटी एक जिवंत पोरगी लागली. तिला विचारलं, पापणीचं ऑपरेशन करून घेतलं तर? ती म्हणाली, "मग चेहरा बदलेल सर, जुन्या नोंदीशी जुळणार नाही." पोरगी बिचारी नियम वाचत होती. शिव्या द्यायला समोर माणूस तरी हवा ना! या सगळ्या भानगडीत मला दोष देता येईल असा एकच इसम सापडत होता, आणि तो मी होतो.

घरी ताईनं तालीम सुरू केली. जेवणाच्या टेबलाशी दाजींना बसवायचं, समोर स्वतः बसायचं, आणि पापणी ढळली की टेबलावर चमचा आपटायचा. एकदा तिनं जखमेवरची चिकटपट्टी लावून पापणी कपाळाला चिकटवली. दाजींना डोळा मिटता येईना, पाणी गालावरून शर्टात. पट्टी काढताना चार केस निघाले.

"तुझ्या भावानं मला घुबड केलं," दाजी हसत म्हणाले.

ताई हसली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेटवर बसवलं तर हा माणूस सहा महिन्यांत म्हातारा होईल. सुट्टीच्या दिवशी खुर्चीत बसूनसुद्धा याचा पाय ब्रेक दाबतो."

दुसरा शनिवार आला. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसलो. दाजींनी कपाळ ताणलं, भुवया केसांपर्यंत नेल्या आणि बस काढली. पहिला थांबा, दुसरा, पाचवा. यंत्र गप्प. कंडक्टरबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज सवत बोलत नाहीये."

शेवटच्या फेरीला मला आरशात दाजींचा चेहरा दिसत होता. ते डोळे मिटतच नव्हते. दोन्ही डोळे लालभडक, पाणी हनुवटीवरून टपटप गळतंय. मी म्हटलं, "दाजी, जरा पुसा."

"हात लावला की बोलते ती. राहिलं किती, चार थांबे."

दवाखान्यापुढच्या पट्ट्यांवर एक काठीवाले आजोबा रस्ता ओलांडत होते. माझ्या सीटवरून मला ते स्पष्ट दिसत होते. बस हळू होईना.

"दाजी!"

ब्रेक लागला. उभे असलेले सगळे एकमेकांवर. आजोबांच्या आणि बसच्या मध्ये वीतभर जागा. त्यांनी काठीनं बसच्या नाकावर दोनदा वाजवलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले आणि निघून गेले.

यंत्र चकार शब्द बोललं नाही. डोळे सताड उघडे होते ना.

"मला दिसलेच नाहीत रे," दाजी म्हणाले. "सगळं पाण्यातून दिसतंय."

त्यांनी बाहीनं डोळे कोरडे केले, स्वच्छ मिटले, उघडले. पापणी आपल्या जागी येऊन बसली. आता त्यांना रस्ता दिसत होता. आणि लगेच सीट थरथरली. "चालक महोदय, आपल्याला झोप येत आहे."

उरलेले चार थांबे ती बोलत राहिली आणि दाजींनी बस अलगद डेपोत आणली.

फलकावर दिवा हिरवा होता. चार थांब्यांची लाली दिवसभराच्या हिशेबात बुडून गेली होती. साहेब स्वतः उठून आले. "बघा! मनावर घेतलं की जमतं."

दाजींनी किल्ली टेबलावर ठेवली. "मला गेटवर द्या."

"अहो, पास झालात तुम्ही!"

"आज यांच्या हातून माणूस गेला असता साहेब," मी म्हणालो. "या दिव्यापायी."

साहेबांनी स्क्रीन वर-खाली केली. "तशी काही नोंद नाही."

गेटवर आता दाजी बसतात. स्टूल आहे, पंखा आहे. बस आली की दांडा वर, गेली की खाली. महिनाभरानं कंपनीकडून त्यांच्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं, त्या आठवड्यातला सर्वांत सुधारलेला चालक म्हणून. ताईनं ते फाडलं नाही की भिंतीला लावलं नाही. कपाटावर आहे, उलटं.

काल नवीन तीस ड्रायव्हर नोंदीला आले. लॅपटॉप पुन्हा माझ्या मांडीवर. मी घसा फोडून सांगत होतो, "डोळे मोठे करू नका, नेहमीसारखं बघा!"

पहिला कॅमेऱ्यासमोर बसला. त्यानं डोळे ताणले, मग बारीक केले, मग परत ताणले. त्याच्या कपाळावर घाम आला. गेटवर दांडा खाली पडल्याचा आवाज झाला, तशी त्यानं दचकून तिकडे बघितलं.

"साहेब," तो मला म्हणाला, "नेहमी मी कसा बघतो?"

पाच मिनिटं सुरू झाली होती.