ड्राफ्टात पडलेला कौल

"बा देवा महाराजाऽऽ!"

"व्हय महाराजा!"

रविवारी सकाळी करी रोडच्या आमच्या चाळीच्या पटांगणात शंभरेक माणसं एका लॅपटॉपसमोर हात जोडून बसली होती. हसू नका. लॅपटॉपला चक्क हळदकुंकू लावलं होतं, आणि अगरबत्तीची राख कीबोर्डात पडत होती. मीही बसले होते, पण हात न जोडता. मी नलू. बत्तीस वर्षं लालबागला टायपिंगचा क्लास चालवला. कीबोर्डाची अशी विटंबना मला बघवत नाही.

झालं होतं असं. चाळ पाडून टॉवर उभा राहणार. कुठली खोली कोणाच्या नावावर, ती यादी कागदपत्रांच्या लिंकसकट बिल्डरला ईमेलने जायची होती. सगळ्या खोल्या मार्गी लागल्या, अडली ती सीतारामची. सीताराम बिनलग्नाचा, गेल्या वर्षी वारला. खोलीत राहते त्याची विधवा भावजय शेवंती. तीस वर्षं तिनेच त्याचं दुखणंखुपणं काढलं. पण आमच्या कमिटीचा सेक्रेटरी उन्मेष म्हणायला लागला, "सीतारामने खोली माझ्या मेहुण्याला, स्वप्नीलला दिलीय. चिठ्ठी आहे!" कमिटीत तीन मतं इकडे, तीन तिकडे. आणि यादीत नाव नाही म्हणजे शेवंती सरळ रस्त्यावर.

मग उन्मेषने डोकं लढवलं. "गावी आपण काय करतो? देवाला कौल लावतो. मूर्तीच्या दोन बाजूंना फुलांचे कळे चिकटवायचे, ज्या बाजूचा पडेल तो देवाचा निकाल. तसाच इथे लावू!"

याचा कौल मात्र मॉडर्न. शेवंतीचे कागद आणि स्वप्नीलची चिठ्ठी, दोन्ही चाळीच्या फोल्डरात ठेवलेली. मेलचा कोरा ड्राफ्ट उघडायचा, कोणी हात लावायचा नाही, आणि ज्या फायलीची लिंक आपोआप पडेल तिचा मालक खरा.

"आज तुजी लेकरां ह्या ड्राफ्टासमोर बसली हत, महाराजा!" उन्मेषने गाऱ्हाणं लावलं. "वायफायची रेंज राख, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"खयचो व्हायरस आडवो इलो, तर त्येका उभो चिरून टाक, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

आणि काय सांगू! कोऱ्या पांढऱ्या ड्राफ्टात निळी लिंक टपकन उमटली: स्वप्नीलची चिठ्ठी. बायका किंचाळल्या. कुशाबा आजोबांनी तर स्क्रीनसमोर साष्टांग घातला.

"देव एकदा सांगून थांबत नाही," उन्मेष म्हणाला, आणि नवा ड्राफ्ट उघडला. पण या खेपेला अगरबत्तीचा धूर त्याच्या घशात गेला. अर्ध्या गाऱ्हाण्यात तो खोकतोय, महाराजा म्हणायचं राहिलंय, आणि लिंक हजर!

लोकांना त्यातही चमत्कार दिसला. मला दिसलं घड्याळ. टायपिंगच्या परीक्षा घेऊन घेऊन मला सेकंद मोजायची खोड लागलीय. पहिल्यांदा चाळीस सेकंद. दुसऱ्यांदाही चाळीस. देव एवढा वक्तशीर?

तेवढ्यात शेवंती उठली. "देवान सांगितल्यान, मगे मी कोण बोलतलंय?" म्हणाली. "भांडी बांधूक घेतंय." आणि जिन्याकडे निघाली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका!

"शेवंती, बस खाली!" मी ओरडले. "मेघना, इकडे ये गं."

मेघना माझी सून. परळच्या एका ऑफिसात मेलच्या प्रोग्रॅमांचंच काम करते. तिच्या कानात मी चाळीस सेकंदांचं सांगितलं. तिचे डोळे चमकले.

"उन्मेषकाका, मी एक विचारू देवाला?" असं म्हणत तिने नवा ड्राफ्ट उघडलाही. "महाराजा, आज चाळीत मटण करावं की मासे?"

मी घड्याळ वर धरलं. सगळी चाळ माझ्याबरोबर मोजायला लागली. "अडतीस! एकोणचाळीस! चाळीस!"

लिंक पडली: स्वप्नीलची चिठ्ठी.

"आता काय चिठ्ठीचं कालवण करायचं?" शेजारची दुर्गा मागून ओरडली, आणि पटांगण खदखदून हसलं.

"याला अ‍ॅड-इन म्हणतात," मेघना म्हणाली. "मेलच्या प्रोग्रॅमला जोडलेला छोटासा प्रोग्रॅम. नवा ड्राफ्ट उघडला की हा जागा होतो, चाळीस सेकंद थांबतो आणि सांगून ठेवलेली लिंक मजकुरात घालतो. ऑफिसात आम्ही रोज असले बनवतो. यात लिंक एकच लिहिलीय. शेवंतीकाकूंची फाईल त्याला ठाऊकच नाही."

तिने तिथल्या तिथे ती लिंक बदलली. नवा ड्राफ्ट. पुन्हा मोजणी. आणि आली: सुक्या बोंबलाची चटणी, कृती व साहित्य!

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुशाबा आजोबा साष्टांगातून उठले ते गुडघे चोळत आणि शिव्या देत.

उन्मेष घामाघूम. "प्रोग्रॅम मी टाकला, मान्य! पण बुद्धी देवानेच दिली ना?"

"पण गो," शेवंती हळूच म्हणाली, "त्या चिठयेत लिवलांहा काय?"

लिंक तीनदा पडली होती, शंभर माणसांनी हात जोडले होते, पण ती दाबून चिठ्ठी वाचायचं एकालाही सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही! लाज वाटली मला.

मेघनाने चिठ्ठी उघडली. छान टाईप केलेली. खाली सहीच्या जागी कंसात लिहिलेलं: येथे सीताराम यांची सही घेणे.

सही नव्हतीच. उन्मेषशेजारी बसलेला स्वप्नील कधी पसार झाला ते कळलंही नाही.

मग शेवंतीचे कागद उघडले. रेशनकार्ड, विजेची बिलं, आणि सीतारामचे हॉस्पिटलचे फॉर्म. अकरा फॉर्म. 'जबाबदार नातेवाईक' या शब्दांपुढे अकराही वेळा शेवंतीची वेडीवाकडी सही. आता कोणी हसत नव्हतं. मत घेतलं, उन्मेषचा सोडून सगळे हात वर.

बाबांनो, ज्याला देव मानायचा त्याने खुशाल मानावा. पण समोर काही आपोआप आलं, तर ते कोणी पाठवलं आणि आत काय लिहिलंय, एवढं तरी विचारा. हात जोडणं सोपं असतं, वाचायला मेहनत पडते. त्या दिवशी आमच्या आळसापायी एक म्हातारी बेघर होणार होती.

शेवंतीच्या फायलीची लिंक मी माझ्या हाताने यादीत घातली. पाठवायचं बटण तिने दाबलं, आणि मेल खरंच गेला का, हे माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं.