चोविसावी खूण

मी 'शि' बोलतोय. पत्र्यात कोरलेला साचा. माझ्यावरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवला, की खालच्या पोत्यावर मी उमटतो. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आम्हा पाचही भावंडांना एकाच दिवशी जन्माला घातलं: न, म, शि, वा आणि य.

पाथरीत कल्याणराव आप्पांचं बियाणं साफ करायचं चाळणीयंत्र आहे. आप्पा शिवभक्त, म्हणून मंत्राचीच अक्षरं कोरून घेतली. रब्बीच्या पेरणीआधी गावोगावचे लोक पोती टाकून जातात. एकाचं बियाणं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक घराच्या पोत्यांवर आमचा वेगळा क्रम. हमालांची नजर याच खुणांना सरावलेली. आप्पांचा नेम एकच: 'शि'नंतर लगेच 'वा'. आम्हा दोघांना त्यांनी तारेनं बांधूनच टाकलंय. खरं सांगू? 'वा'चा मला कंटाळा येतो. सारखा रंग माझ्याकडे ढकलत असतो.

यंदा तेवीस घरं झाली आणि पेडगावहून जीपनं भागुबाई आली. मेंढरं राखणारं घर, सोबत ज्वारीचं एकच पोतं. हे बियाणं सासूच्या वेळेपासून दरसाल राखलेलं, बाजारात न मिळणारं.

आप्पांनी आम्हाला उलटसुलट लावून पाहिलं. लावून पाहिलेला प्रत्येक क्रम हंगामाच्या वहीत आधीच होता.

"खुणा सरल्या, भागुबाई. बिनखुणेचं पोतं मी ठेवून घेत न्हाई."

"आप्पा, पेरणी तोंडावर हाय. किडकं तसंच पेरू का?"

आप्पांचा मुलगा शिवकांत म्हणाला, "तार सोडा की. शि अन् वा वायले केले तर लय खुणा होतेत."

आप्पांचा चेहरा उतरला. मलाही 'वा'पासून सुटायचं नव्हतं. पण त्या बाईकडे बघून मी मनात म्हटलं, सोडा, सोडा आम्हाला.

बारावीतल्या नातीनं, ईश्वरीनं, वही ओढून घेतली. "थांबा. बांधलेली दोघं एकच अक्षर धरा. मग चारच राहतेत. पहिल्या जागी चारातलं कोणतंबी, पुढं तिघांतलं, मग दोघांतलं, शेवटी एकच. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. वहीत तेवीसच हायेत!"

आमची जोडी कितव्या जागी उभी आहे, त्यावरून तिनं चार रांगा मांडल्या. प्रत्येकीत सहा खुणा हव्यात. तिसऱ्या रांगेत पाचच निघाल्या. राहिलेली खूण तिनं मोठ्यानं वाचली. "न, म, शिवा, य."

आप्पा हळूच म्हणाले, "ती मी मुद्दाम ठेवली, पोरी. सबंध मंत्र हाय. पोत्याला लोकांचे पाय लागतेत."

भागुबाई पुढे झाली. "बियाण्याला आमी पाय लावत न्हाई, आप्पा. पेरायच्या आदी हळदकुंकू वाहतो."

आप्पांनी स्वतः ब्रश घेतला. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच सरळ ओळीत उभे राहिलो. आप्पांनी ते पोतं थप्पीच्या अगदी वर ठेवायला लावलं.

चौथ्या दिवशी भागुबाईनं पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन निरखली आणि म्हणाली, "माजीच हाय." माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या साली पंचविसावं घर येईलच. आप्पा, तेव्हा हवं तर आणखी एक अक्षर कोरून घ्या. तार मात्र राहू द्या. त्या दिवशी मी 'सोडा' म्हणालो, ते 'वा'ला अजून सांगितलेलं नाही.