वापरात नाही

…तो ठिपका, पडद्याच्या वरच्या काठावरचा, तिळाएवढा, हिरवा पेटायला हवा होता आणि पेटत नव्हता. तिने बाहीने तो पुसला, पुन्हा बटण दाबलं. चौकट काळीच, आणि खाली एक ओळ : कॅमेरा अक्षम केला आहे. अक्षम! तीस वर्षं लोकांची मुद्रितं तपासून झिजलेल्या तिच्या डोळ्यांना शब्द आधी खटकला, अर्थ मागून आला. सरळ ‘बंद’ म्हणावं, कॅमेरा काय परीक्षेत नापास झालाय? पण मग पुढचं : केला आहे. कुणी?

घरात माणसं दोन. त्यातलं एक हे इथं बसलंय.

दुसरं स्वयंपाकघरात शीळ घालत भांडी पुसत होतं. शीळ कशाला? चार महिन्यांत त्याने शीळ घातली नव्हती – लेकीने नोकरी सोडल्याचं सांगितलं आणि हा तिच्या तोंडावर म्हणाला, “तुला नाही जमायचं,” त्या दिवसापासून. बबडीने तेव्हा जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. आईचेही फोन उचलेना. आणि आज सकाळी अचानक निरोप : अकराला व्हिडिओवर येते, तू एकटी बस. अकराला सात मिनिटं होती. त्याने माझा मोबाइल पाहिला असणार… चष्मा शोधायच्या निमित्ताने मघाशी टेबलाशी घुटमळत होताच. वाचलं, आणि गुपचूप काटा काढला. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे म्हणजे डाव्या हातचा मळ.

हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, इतका राग होता तो.

ती दारात जाऊन उभी राहिली. “अहो, लॅपटॉपचा कॅमेरा तुम्ही बंद केलात?”

“केला की.” त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. “तूच कुरकुरत होतीस ना, बॅटरी दोन तास टिकत नाही म्हणून. मग सगळी यादी काढली आणि जे वापरात नाही ते बंद करून टाकलं. ब्लूटूथ, बोटाच्या ठशाचं ते, कॅमेरा, माइक. आता चार तास चालतो की नाही?”

चालत होता. तिच्या लक्षातही आलं होतं, पण आभार कुणाचे मानायचे हे सुचलं नव्हतं.

“आज केलंत?”

“छे गं, दीड महिना झाला असेल.”

दीड महिना… म्हणजे सहा रविवार. दर रविवारी अकराला ती दार लावून या मुक्या यंत्रासमोर अर्धा तास बसायची, आणि बाहेर येऊन सांगायची – बबडीने केस कापलेत, बबडीचं काम वाढतंय, बाबांना विचारत होती. हा माणूस खचू नये म्हणून. आणि तो दर वेळी विचारायचा, काय म्हणते? तोंडावरची माशीही हलू न देता. वर, “तुम्ही बोला निवांत,” म्हणून फिरायला निघून जायचा.

“आता लागणार आहे का?” त्याने विचारलं. शीळ थांबली होती.

‘आता’ हा शब्द त्याने जरा जपूनच उच्चारला का? की मीच प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढत बसलेय…

“हो,” ती म्हणाली.

हात पुसून तो आला, उभ्याउभ्याच चार ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि काही न विचारता बाहेरच्या खोलीत निघून गेला. दार त्यानेच ओढून घेतलं.

पडद्यावर तिचा चेहरा आला, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा. अकराला एक मिनिट. आणि नेमका आत्ता तिला मागचा रविवार आठवला. बबडी तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होती, असं तिने सपशेल खोटं सांगितलं होतं, तेव्हा तो किती वेळ गुडघ्याकडे बघत राहिला होता, आणि मग म्हणाला होता, “सांग तिला, अगदी बरा आहे, काळजी करू नकोस म्हणावं.”

पलीकडे कुणीच नव्हतं, हे ठाऊक असताना. मग हे त्याने सांगितलं कुणाला?

घंटी वाजायला लागली. उत्तर द्यायला हात उचलताना ती कान देऊन ऐकत होती ती बाहेरच्या खोलीतली पावलं – एक नीट पडणारं, एक किंचित ओढत येणारं – आणि गुडघा बरा आहे हे तरी खरं होतं का, तिला काही केल्या ठरवता येईना.